आभाळातला दगड आणि बारवाले मामा

अन्याय कोणावर झाला, ते आधी सांगते. आमच्या गावच्या बारवाल्या मामांवर. कधी झाला, तेही सांगते. गेल्या होळीच्या आदल्या गुरुवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी आमच्या शिवारावर, आभाळात पार उंच, एक उल्का फुटली. त्याच दिवशी दुपारी चारच्या आत तो स्फोट मामांनी केला, असं कागदावर आलं. सही-शिक्क्यासह. उल्केवर ठपका ठेवता येत नाही, माणसावर ठेवता येतो. एवढी सोय बघितली गेली.

मी पत्रकं लिहिते. रेशनची, बंद केलेल्या एसटीच्या फेरीची, शाळेतल्या रिकाम्या खुर्च्यांची. वडिलांचं गावात किराणा दुकान आहे, तिथल्या काउंटरवर बसूनच लिहिते. पत्रकात मागणी असते, माणूस नसतो. या वेळी माणूस आधी सांगणार आहे. कारण ज्यांच्या विहिरींना मामांनी पाणी लावून दिलं, त्यांनीही त्या दिवशी तोंड उघडलं नाही. त्यांना मामा कोण होते याची आठवण करून द्यायची वेळ आली आहे.

मामा कुणालाही पहिल्यांदा भेटले की नमस्काराआधी हात दाखवायचे. दोन्ही पंजे समोर धरून बोटं फाकवायची आणि म्हणायचं, "मोजा. धा हायती." विहिरीच्या तळाशी चाळीस वर्षं सुरुंग लावलेल्या माणसाची दहाही बोटं जागच्या जागी असणं ही काय चीज आहे, हे त्या धंद्यातल्यांना विचारा. "परवाना सायेब देतो," मामा म्हणायचे, "सर्टिफिकेट हे." त्यांच्या लेकीच्या सोयरिकीत व्याह्यांनी आधी बोटं मोजली आणि मग चहाचा कप उचलला, असं गाव सांगतं. मामांनी ते कधी नाकारलं नाही.

आता 'बार' या शब्दाचं. आमच्याकडे कुठलाही मोठा आवाज म्हणजे बार. सुरुंगाचा बार, लग्नातल्या फटाक्याचा बार, ट्रकचं टायर फुटलं तरी बारच. मामांचा धंदाच तो, म्हणून ते बारवाले. एकदा नवे ग्रामसेवक आले. बारवाले मामा कुठे भेटतील असं कुणी तरी विचारताना त्यांनी ऐकलं आणि दचकून म्हणाले, "या गावात बार आहे?" मामा तिथेच पारावर होते. "हाय की सायेब," ते म्हणाले. "पर आमच्या बारात गिऱ्हाईक जवळ येत न्हाई, लांब पळतं." सगळा पार हसला. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेला माणूस हा विनोद स्वतःवर करत आला. याच शब्दाने पुढे त्यांचा घात केला, आणि तो माझ्या हातून झाला. ते सांगणारच आहे. टाळणार नाही.

मामांचं काम मी लहानपणापासून काठावरून बघत आले. ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर धडधडायचा, नळीतून हवा खाली जायची, त्या हवेच्या जोरावर ड्रिल काळ्या खडकात भोकं पाडायचं. भोकं पडली की मशीन बंद, आणि मग मामा एकटे खाली. खडकावर पाणी ओतायचे आणि बसून राहायचे. पाणी कुठे जिरतं ते बघायचे. जिथे जिरतं तिथे चीर. ट्रॅक्टरवाला दिगू वरून ओरडायचा, "मामा, दगड बघायलाव का पोरगी?" मामा मान वर न करता म्हणायचे, "तुझ्यासाठी बघायलोय बे. तुला हीच पटंल."

भोकात सुरुंगाची कांडी घातली की वरून माती ठासायची. ठासायला लाकडाची काठी, लोखंडाला सक्त मनाई. घाई होती म्हणून दिगूने एकदा पहार घातली. मामांनी ती हिसकून विहिरीबाहेर फेकली. "ठिणगी पडली आस्ती तर? तुझ्या आईला काय सांगू, कुठला तुकडा तुझा?" मग राग ओसरल्यावर, बसून, शांतपणे: "घाई कावून करतो बे? माती चांगली ठासली न्हाई तर वारा वरच्या वर निघून जातो. फुसका बार. वाऱ्याला वाट बंद केली की त्यो चिरंत शिरतो. दगडाला मारून काय होत न्हाई. दगडात शिरावं लागतंय."

हे शेवटचं वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. तेव्हा मला त्यात फक्त विहीर दिसायची.

बार उडवण्याआधी ते चारी दिशांना तोंड करून आरोळी द्यायचे, "बाऽऽर हाय, बाऽऽर!" तीन वेळा. तिसऱ्या वेळी जवळपासच्या माणसांना नावानिशी हाक. "सोनाबाई, मेंढरं घे पल्याड!" सोनाबाई म्हणजे आमच्या गावची धनगराची म्हातारी, तिची मेंढरं बरोबर सुरुंगाच्या दिवशीच त्या विहिरीकडे वळायची. ती पलीकडून शिव्या घालत मेंढरं हाकायची आणि मामा तिची शेवटची मेंढी बांधापार होईपर्यंत वात पेटवायचे नाहीत. मग लांब जाऊन उभे राहायचे आणि मोजायचे. धूळ उडालेली दिसली की मोठ्याने, एक... दोन... आवाज कानावर येईपर्यंत. आवाजाला एक किलोमीटर यायला तीनएक सेकंद लागतात. हे ते कुठल्या पुस्तकात शिकले नव्हते. पण धूळ आधी दिसते आणि आवाज मागून येतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. लांबच्या शिवारात दुसऱ्या कुणाचा बार उडाला तरी धूळ दिसताच मोजायला लागायचे. जेवता जेवता सुद्धा. मामी वैतागायच्या, "आवं, घास तरी गिळा."

त्या गुरुवारी ते एका नव्या विहिरीवर होते. भोकं पाडून झाली होती, कांड्या अजून पेटीत होत्या. बाभळीखाली सोनाबाई बसली होती. आभाळ कोरडं, एक ढग नाही. एकदम उत्तरेकडून दक्षिणेकडे पांढरा लोळ गेला, भर उन्हात सावल्या हलल्या, आणि पार वर डोळे दिपवणारा भडका झाला. आवाज काहीच नाही. आणि मामा मोजायला लागले.

"कावून मोजायलास रं?" सोनाबाई म्हणाली. "येड लागलं का?"

मामा मोजतच राहिले. पन्नास. ऐंशी. सोनाबाई मेंढरांकडे निघाली. मामा एकशे बारावर होते तेव्हा आवाज आला. लागोपाठ दोन दणके, मग गडगड. पत्रे वाजले. शाळेच्या खिडकीची काच गेली. माझ्या वडिलांच्या दुकानातला बरण्यांचा मनोरा खाली आला. आणि गावच्या नव्या पाण्याच्या टाकीला तडा गेल्याचं 'आढळलं'.

त्या टाकीबद्दल मला बोलू द्या. ती दिवाळीपासून पाझरत होती. खाली शेवाळ आलं होतं, गावातल्या बाया तिथे भांडी लावत होत्या. तक्रारीचं पत्रक मी लिहिलं होतं, पोच माझ्याकडे आहे. पण आवाज झाला आणि दोन तासांत टाकीच्या ठेकेदाराचा माणूस गाडी घेऊन हजर. आला तो सरळ टाकीखाली उभा राहून म्हणाला, "सुरुंगाने गेली बघा." त्याला टाकीचा तडा जुना ठरू द्यायचा नव्हता. तेवढ्यासाठी त्याला एक माणूस हवा होता, आणि मामा टाकीपासून हाकेच्या अंतरावर, कांड्यांची पेटी घेऊन, उभेच होते.

पंचनामा सुरू झाला. लिहायला तलाठ्यांनी मला बसवलं, माझं अक्षर चांगलं म्हणून. गावात तेव्हा कामाची माणसं होती कुठे? निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला गेलेली, कुलपं लागलेली. म्हातारी माणसं एकेक करून आली. "काय झालं?" "लई मोठा बार झाला." पुढची आली. "बार झाला बगा, कानठळ्या बसल्या." सोनाबाई आली. "बार झाला. मेंढरं उधळली." ती माणसं जशी बोलली तसं मी लिहिलं. मोठा बार झाला. मोठा बार झाला. मोठा बार झाला. सात जबाब, एकच शब्द. आमच्या माणसांना आवाज म्हणायचं होतं. वरच्या कचेरीत वाचणाऱ्याने सुरुंग वाचला. आणि ते अक्षर माझं आहे.

पण उजेडाचं काय? उजेड दिसला हे त्या सातांतल्या एकानेही सांगितलं नाही. मी तेव्हा दुकानात बरण्या उचलत होते, मला काही दिसलं नव्हतं, म्हणून मीही विचारलं नाही.

मामांना संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं. उजेडाचं आणि मोजणीचं ते सांगत राहिले, पण ज्याच्यावर ठपका त्याचं कुणी लिहून घेतलं नाही. कांड्या मोजल्या, साठ्याच्या वहीशी जुळवल्या, एकही कमी नव्हती. तर म्हणाले, जादा माल चोरून आणला असेल. परवाना जमा करून घेतला.

दुसऱ्या दिवशी मामा दुकानात आले. खिशातून फडक्यात बांधलेलं काही तरी काढून काउंटरवर ठेवलं. लिंबाएवढा दगड. वरून काळा, करपलेल्या भाकरीसारखा, आणि एका बाजूने फुटलेला, आतून राखाडी. विहिरीच्या पलीकडच्या नांगरटीत सापडला होता. "आपल्या शिवारातला न्हाई ह्यो," मामा म्हणाले. "आपला दगड मी वळखतो. ह्यो पाव्हणा हाय."

मी तावातावाने तिथल्या तिथे पत्रक लिहिलं. 'आकाशातून आलेला दगड घर्षणाने तापून फुटला' असं त्यात होतं. शाळेत तसंच शिकवलेलं. मामांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

"तापून न्हाई माय. तापतो खरा, पर वरच्या वर. हे बग ना, करप किती पातळ हाय, आन् आतून कोराच्या कोरा. आतपर्यंत तापायला येळच कुठं गावतो त्याला?"

"मग कशाने फुटला?"

"हवेनं."

मी हसले. खरंच हसले. हवेने दगड फुटतो? मामांनी मला बाहेर नेलं. दिगूचा ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या मागच्या कॉम्प्रेसरच्या नळीला पायाने ढकलून म्हणाले, "ह्यातनं काय येतंय?"

"हवा."

"दगडाला भोक कोण पाडतंय?"

मी नळीकडे बघितलं.

"हवा मऊ हाय आसं तुला कुणी सांगितलं? सावकाश गेलं की मऊ. त्यो दगड किती जोरात आला आसंल! समोरच्या हवेला बाजूला सरायला येळ न्हाई. ती जाग्यावर ठासली जाती, आपण माती ठासतो तशी. आन् दगडाच्या मागं? मागं मोकळं. पुढं ठासलेलं आन् मागं काय बी न्हाई. मग ती हवा काय करंल? वाट हुडकंल. दगडाला चिरा आसत्यात, बारीक भोकं आसत्यात. त्यात शिरंल. आन् एकदा आत शिरली की मग बाहेर ढकलाया लागती. मग दगड ऱ्हातोय व्हय?"

मी रात्रीतून वाचायचं तेवढं वाचलं. मामा चुकले नव्हते. उल्का सेकंदाला दहा-वीस किलोमीटर, कधी त्याहून जास्त वेगाने वातावरणात घुसते. पुढची हवा दाबली जाते, मागे जवळपास पोकळी राहते. दाबाखालची ती हवा दगडाच्या चिरांतून, छिद्रांतून आत शिरते आणि त्याला आतून उसवते. एकदा फुटला की प्रत्येक तुकड्याला नवी हवा आडवी येते, तोही फुटतो, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळा वेग उजेडात, उष्णतेत आणि आवाजात खर्च होतो. दगड जितका जास्त चिरलेला, तितका उंचावर फुटणार. पदवीधर मी, आणि हे मला सातवी नापास माणसाने कॉम्प्रेसरच्या नळीवर शिकवलं. मामांनी वर आणखी एक गोष्ट सांगितली, ती कुठल्या लेखात इतकी सरळ नव्हती: "वर फुटला म्हून लिंबाएवढा आला. अख्खा आला आस्ता तर तुझं पत्रक वाचाया कोण ऱ्हातंय?"

आता हिशेब करा. एकशे बारापर्यंत मोजणी, तीन सेकंदाला एक किलोमीटर. सदतीस किलोमीटर. सदतीस किलोमीटरवरून आलेला आवाज हाकेच्या अंतरावरच्या विहिरीत कसा झाला, ते मला ठेकेदाराने सांगावं.

हेच घेऊन आम्ही वरच्या कचेरीत गेलो. साहेब पंचनामा वाचत होते. मामांनी सवयीने दोन्ही पंजे पुढे केले. "मोजा सायेब. धा हायती." साहेबांनी वर बघितलं, म्हणाले, "हात खाली घ्या." चाळीस वर्षांत मामांना हे कुणी म्हणालं नव्हतं. हात खाली गेले, आणि मग ते कुठे ठेवावेत हेच त्यांना कळेना. कधी खिशात, कधी पाठीमागे. मी दगड दाखवला. साहेबांनी हातात घेऊन फिरवला आणि फायलींवर ठेवला, पंख्याने कागद उडत होते म्हणून. "सात जणांनी बार ऐकला आहे," ते म्हणाले. "उजेड कुणी बघितला असेल तर तसे जबाब आणा."

मी गावभर फिरले. दारोदार. प्रत्येक जण नजर टाळत होता. शेवटी शेजारच्या संगीताला फोन लावला. ती नवऱ्याबरोबर लांब पश्चिमेकडच्या फडावर ऊस तोडत होती. सहज विचारलं, गुरुवारी सकाळी आभाळात काही दिसलं का?

"आगं, दिसलं की! आख्ख्या टोळीनं बगितलं. सकाळी सव्वानवाच्या पुढं, कोयते जाग्यावर थांबले."

"मग बोलली का नाहीस?"

तिने आधी इकडचं तिकडचं काढलं. मग हळू आवाजात: "तसलं बोलत न्हाईत. तुटता तारा बगितला की त्याचं नाव काढू न्हाई. कुणाचं तरी काय तरी होतंय."

हे होतं ते. गावात पाहणारे होते. सगळ्यांनी पाहिलं होतं. राम राम म्हणून थुंकले होते आणि तोंड मिटून घेतलं होतं. आवाजाचं सांगायला बंदी नाही, उजेडाचं सांगायला आहे. म्हणून पंचनाम्यात कान आले, डोळे आले नाहीत. माझा संताप आजही जात नाही. कुणाचं तरी काय तरी होईल म्हणून गप्प बसलात, आणि तुमच्या गप्प बसण्याने मामांचं झालं!

उन्हाळा सगळा गेला. विहिरींवर बाहेरचा माणूस आला. तो आरोळी एकदाच देतो. बार उडाला की मामा घरात दार लावून बसायचे. मोजणं बंद झालं. मामींनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात कधी नव्हे ती काळजी होती: "आता घास गिळत्यात गं. गुमान गिळत्यात."

मग एक दिवस मामा मांजरसुंब्याला निघाले. तिथल्या एका ढाब्यावर ट्रक आत घ्यायला हात दाखवणारा माणूस हवा होता. मी शिरूरच्या स्टँडपर्यंत सोडायला गेले. एसटी लागली होती.  मी म्हणाले, "मामा, पंचनामा मी लिहिलाय. 'बार' हा शब्द माझ्या हाताने पडला."

"म्हाईत हाय की."

"कसं?"

"माझ्या परवान्याचे फारम इतकी वर्सं कोण भरतंय? तुझा 'ब' मी झोपेत बी वळखंन. पोट लई मोठं काढती त्याचं." ते हसले. मग बॅग मांडीवर घेऊन खिडकीशी बसले आणि गाडी हलताना म्हणाले, "तू लोकांचं जसंच्या तसं लिवलंस. तुझी चूक एवढीच, की तू इचारलं न्हाईस."

गाडी गेली. मी तिथेच उभी. त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून आता विचारते आहे. येत्या सोमवारी वरच्या कचेरीत परवान्याची सुनावणी आहे, शेवटची. त्यानंतर परवाना कायमचा जाईल आणि टाकीचा तडा कायमचा मामांच्या नावावर राहील. काल सोनाबाईकडे गेले. सगळं सांगितलं. ती बराच वेळ मेंढीच्या पायातला काटा काढत बसली. मग म्हणाली, "तारा बगितल्याचं बोलून कुणी मरायचं आसंल तर मी म्हातारी हाय. मी मरते. लिही." आणि तिने सांगितलं: लोळ कुठून कुठे गेला, भडका कुठे झाला, आणि आवाज यायच्या आत ती बाभळीपासून मेंढरांपर्यंत चालत गेली होती. खाली अंगठा दिला. पहिला जबाब तिचा. मामांच्या मोजणीला दुसरा साक्षीदार ती.

आता तुम्ही. ऊसतोडीहून परतलेले, पुण्या-मुंबईला कामाला असलेले, त्या वेळी हायवेवर गाडी चालवत असलेले, शाळेच्या प्रार्थनेला मैदानात उभे असलेले. तुम्ही बघितलं आहे. कागद घ्या. तेव्हा कुठे उभे होता ते लिहा. उजेड कोणत्या दिशेने कोणत्या दिशेला गेला ते लिहा. आवाज किती वेळाने आला, की आलाच नाही, ते लिहा. एकच दगड चार जिल्ह्यांतून एकाच मिनिटाला दिसला, हे कागदावर आलं की तो कुणाच्या विहिरीतून उडाला असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. सही करा, नाही तर अंगठा लावा, आणि सोमवारच्या आत माझ्या वडिलांच्या दुकानात आणून द्या. फोटो पाठवून भागणार नाही. कागद हवा, तुमच्या नावाचा.